तन्मणीचं खोड: मिन्यासाठी सोन्यात हीण कसलं घालायचं

6 जानेवारी

पाडव्याच्या आत द्यायचं काम आलं. तन्मणीचं खोड, म्हणजे मोत्यांच्या सरांमध्ये मधोमध बसणारं पदक, आणि जोडीला कुड्या. खोडाच्या पोटात पारदर्शक हिरवा मिना, कडेने पांढरी वेल, मधोमध लाल कोयरी. कुड्यांवर फक्त पांढरा आणि लाल, दोन्ही अपारदर्शक. खडा एकही नाही. काम देणाऱ्या काकूंना खोड अगदी सपाट आणि हलकं हवंय, मोत्यांचे सर त्या घरच्याच जुन्या तन्मणीचे वापरणार.

सोनंही त्यांचंच: दोन पाटल्या, तुटलेली बोरमाळ, काही सुट्या पुतळ्या. पिशवी टेबलावर ठेवून पहिलाच प्रश्न, "अठरा कॅरेटमध्येच करशील ना गं? हल्ली सगळे तेच करतात. भाव बघतेस ना." भाव मी रोजच बघते. पण मिन्याच्या कामात कॅरेट आधी ठरवून चालत नाही. भट्टीत 800 अंशांच्या आसपास काच वितळवून ती धातूवर बसवायची असते, तेव्हा त्या धातूत सोन्याबरोबर दुसरं काय आहे हे आधी बघावं लागतं. त्यांना सांगितलं, पट्ट्या भाजून बघते आणि मग सांगते.

बाबांनी कसोटीवर रेघा ओढल्या. पाटल्या बावीसच्या जवळ. पुतळ्या त्याहून चोख. बोरमाळेचे मणी बरे आहेत, पण जोडाजवळची रेघ फिकट आणि वेगळीच. बाबा म्हणाले, "हा केडीएमचा काळ." तेवढंच पुरे होतं.

7 जानेवारी

केडीएमबद्दल इथे लिहून ठेवते, कारण हा प्रश्न पुन्हा येणार. केडीएम म्हणजे दागिन्याचे जोड वितळवून सांधायचा एक डाख. या डाखात साधारण 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम असायचं. डाख कमी तापमानाला छान पळतो आणि सोन्याचा कस फारसा उतरत नाही, म्हणून कारागिरांना तो आवडायचा. पण कॅडमियम 767 अंशांना उकळतं. नुसता डाख देतानाही त्याची वाफ निघते आणि ती फुप्फुसांना, मूत्रपिंडांना बाधते. म्हणून बाजाराने तो सोडला. मिन्यासाठी तर तो आणखीच नकोसा, कारण आमची भट्टी त्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चालते. जोडात अडकलेलं कॅडमियम काचेखालून बाहेर पडायला बघतं आणि मिन्यात फोड येतात.

तेव्हा जुनं सोनं नुसतं वितळवून पत्रा ओढायचा विचार बाद. गलाईच करून घ्यायची, म्हणजे सोनं गाळून बाकीचे धातू वेगळे काढायचे.

9 जानेवारी

सोन्या मारुती चौकाच्या मागे गलाईवाल्यांकडे गेले. हे मूळचे विट्याकडचे. खानापूर, आटपाडी, विटा या पट्ट्यातली माणसं हा धंदा घेऊन देशभर पांगली आहेत. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफकट्ट्यात मराठी बोलणारा गलाईवाला सापडतोच. काकूंना बरोबर नेलं होतं. आपलं सोनं डोळ्यांसमोर आटलेलं बघितलं की पुढे तुटीवरून वाद होत नाही. संध्याकाळी चोख सोन्याचा गोळा हातात आला, हजारात 995 भागांच्या वर सोनं.

काकूंनी विचारलं, "पाटल्यांमधलं तांबं कुठे गेलं?" आम्लात गेलं. त्यांना ते जरा लागलं असावं, आजेसासूंच्या पाटल्या होत्या.

11 जानेवारी

आज फक्त कागदावरचं काम.

10 ग्रॅम शुद्ध सोन्यात 22 कॅरेटसाठी 0.909 ग्रॅम हीण (सोन्यात मिसळायचे दुसरे धातू) बसतं, 20 साठी 2 ग्रॅम, 18 साठी 3.333 ग्रॅम. आपलं सोनं 995 धरलं तर 22 साठी 0.85च्या आसपासच थांबायला हवं. हॉलमार्कमध्ये 916 म्हणजे किमान 916, खाली एक अंशही चालत नाही. त्यामुळे थोडं राखूनच घालायचं.

हे झालं किती. आता कसलं. सोनं 1064 अंशांना वितळतं, चांदी 962 ला, तांबं 1085 ला. आकडे बघून वाटेल की तांबं घातलं तर मिश्रण उशिरा वितळेल आणि चांदी घातली तर लवकर. होतं वेगळंच. सोनं आणि चांदी कुठल्याही प्रमाणात गुण्यागोविंदाने राहतात, वितळबिंदू हळूहळू उतरतो. सोनं आणि तांबं एकत्र आले की मात्र तो दोघांच्याही खाली, 910 पर्यंत घसरतो. तिघं एकत्र आले की आणखी खाली. 22 कॅरेटमध्ये चांदी 5.5 आणि तांबं 2.8 टक्के ठेवलं तर धातू 995 च्या आसपास मऊ पडू लागतो. तेच प्रमाण उलटवलं, तांबं 5 च्या वर आणि चांदी 3 च्या आसपास, की 965 च्या जवळपासच सुरुवात होते. कॅरेट तेच, कस तोच, भट्टीतली सवलत 30 अंशांनी कमी.

18 कॅरेटमध्ये चांदी 16 आणि तांबं 9 घेतलं तर 895. दोन्ही साडेबारा घेतलं तर 885. आणि मिना 800-820 ला भाजायचा. म्हणजे मधे 70-80 अंशांचं अंतर. भट्टीच्या कोपऱ्यात दाराजवळ आणि मागच्या भिंतीजवळच एवढा फरक पडू शकतो.

प्रसरण हा दुसरा हिशोब. तापल्यावर सोनं दर अंशाला लांबीच्या दशलक्षांश 14 भाग वाढतं, तांबं 17, चांदी 19. मिना या सगळ्यांहून कमी वाढतो. हे आपल्या सोयीचं आहे. थंड होताना धातू काचेपेक्षा जास्त आकसतो आणि काच दाबात राहते. दाबलेली काच तगते, ताणलेली काच तडकते. पण धातू फार जास्त आकसला आणि पत्रा पातळ असला, तर सगळा पत्राच कुबड काढतो. उपाय जुनाच: मागूनही मिना द्यायचा, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. खोडाला मागून मिना असणारच आहे, तन्मणीला तो शोभतोही.

पट्ट्या अशा करायच्या:
क – 22, चांदी जास्त.
ख – 18 पिवळं, चांदी 16, तांबं 9, घरी ओतलेलं.
ग – 18, बाजारातलं तयार हीण घालून.
घ – 18 गुलाबी, तांबं 20.5, चांदी 4.5.
च – 20, चांदी तांब्याच्या दुप्पट.

13 जानेवारी

भट्टीच्या काट्यावर माझा भरवसा नाही, म्हणून मीठ घातलं. शुद्ध सोडियम क्लोराइड बरोबर 801 अंशांना वितळतं. केमिकलच्या दुकानातून छोटी बाटली आणली, चिनी मातीच्या वाटीत चिमूटभर ठेवलं आणि पाच-पाच अंश चढवत गेले. काटा 817 दाखवत असताना मिठाचं पाणी झालं. म्हणजे काटा सोळाने पुढे आहे. नंतर भट्टी बराच वेळ मोकळी तापवली, खारट वाफ मिन्याला लागू नये म्हणून.

इथून पुढे नोंदीतली तापमानं दुरुस्त केलेली आहेत.

16 जानेवारी

ओतकाम झालं. क, ख, च बाबांनी स्वतः मुशीत घातले. आधी सोनं आणि तांबं, ते एकजीव झाल्यावर चांदी, वर चिमूटभर टाकणखार. मूस प्रत्येक मिश्रणाला वेगळी. घ ओतल्यावर लगेच पाण्यात टाकलं (कारण पुढे येईल). ग साठी तयार हिणाचे दाणे वापरले. पाकिटावर "18 पिवळं, कास्टिंगसाठी" एवढंच लिहिलेलं, घटक नाहीत. विक्रेत्याला विचारलं तर "जस्त थोडं असतं, बाकी कंपनीचं गुपित" म्हणाला.

पत्रा 1.2 मिमीवर आणला. मधे-मधे ताव देऊन, सल्फ्युरिकच्या पाण्यात उकळून. क हातात लोण्यासारखा वाकतो. च त्याहून बरा. ख ला मशीनवर जोर लागतो, पण कडा फाटत नाहीत. घ ला प्रत्येक तावानंतर पाण्यात बुडवावंच लागलं. नुसता हवेत गार होऊ दिला की पुढच्या फेरीला कड चिरते.

17 जानेवारी

मिना खलला. पांढरा, हिरवा, लाल. प्रत्येकाला वरचं पाणी निवळशंख होईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुतलं. दुसरं काही नाही.

20 जानेवारी

पहिली भाजणी, पाचही पट्ट्यांवर. प्रत्येकीवर तीन घरं कोरली होती, खोली 0.4 मिमी: एकात पांढरा, एकात हिरवा, एकात लाल. लाल शेवटी, वेगळ्या भाजणीत. अपारदर्शक लालाला जास्त ताव सोसत नाही, तो आधी तपकिरी आणि मग काळा पडतो.

क. तिन्ही रंग स्वच्छ. हिरव्याच्या तळाशी सोनं पिवळंधमक दिसतं, कोरलेल्या रेघा मोजता येतात. पट्टी किंचित वाकली, पण मागून मिना नव्हता, त्यामुळे हे अपेक्षितच.

ख. पांढऱ्याच्या कडेला हलकी हिरवट रेघ. तांब्याचा ऑक्साइड काचेत विरघळला की काच हिरवट-निळी होते, पांढऱ्यात ते लगेच डोळ्यात भरतं. हिरवा ठीक, पण खालचं सोनं मळकं दिसतं. लाल उत्तम.

ग. पांढऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं, सगळीकडे. हिरव्यात बुडबुडे, आणि कडेला राखाडी धूसरपणा. लाल एका कोपऱ्यातून नखाने निघाला. जस्त 907 ला उकळतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून वाफाळत असतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइड साचवतं. कास्टिंगच्या हिणात बऱ्याचदा सिलिकॉनही असतो. ओतीव दागिना चकचकीत निघावा म्हणून तो घालतात, मिन्याच्या पकडीला तो मारक. कास्टिंगसाठी हे हीण चांगलं असेलही, ते त्याच कामासाठी केलेलं आहे. मिन्यासाठी हद्दपार.

घ. भट्टीतून काढताना छान दिसली. गार झाल्यावर पांढऱ्यातून केसासारखी तडा गेली, आणि पट्टी वाकण्याऐवजी पिळवटली.

च. क च्या जवळ. पांढऱ्याच्या कडेला हिरवट रेघ आहे म्हटलं तर आहे, भिंग लावलं तर. हिरव्याखालचं सोनं किंचित फिकट, मला तर ते आवडलं.

बाबा भिंग ठेवून म्हणाले, "तू कॅरेट तपासत नव्हतीस, हीण तपासत होतीस." ख आणि ग दोन्ही अठराच. हॉलमार्कचा शिक्का दोघांवर सारखाच बसेल.

22 जानेवारी

गुलाबी सोन्याबद्दल, एकदाच. सोनं-तांब्याच्या या मिश्रणात साधारण 410 अंशांच्या खाली अणू सरळ थरांत बसायला लागतात. एक थर सोन्याचा, एक तांब्याचा. असं झालं की धातू कडक होतो, ठिसूळ होतो आणि त्याचा आकारही सूक्ष्म बदलतो. एरवी सोनार गरम पत्रा पटकन पाण्यात टाकून अणूंना तशी सवडच देत नाही. मिन्याचा पत्रा पाण्यात टाकता येत नाही, काच फुटेल. तो सावकाशच गार करावा लागतो, म्हणजे नेमकी तीच सवड मिळते. चांदी वाढवली की ही वाईट सवय कमी होते, ख मध्ये ती दिसली नाही. गुलाबी सोन्यावर मिना करणारे लोक आहेत आणि चांगलं करतात, पण पाडवा जवळ असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

24 जानेवारी

जयपूरच्या उस्तादांना फोन. वडिलांच्या काळापासूनची ओळख. आमेरच्या मानसिंहाने लाहोरहून मिनाकार आणवले असं तिकडे सांगितलं जातं, उस्तादही आपली पिढी तिथूनच मोजतात. त्यांना 18 कॅरेट म्हटलं तर हसले. त्यांच्याकडे कुंदन-मिन्याच्या कामाला चोखच लागतं. चोख सोनं काळं पडत नाही, त्यावर ऑक्साइड धरत नाही, प्रत्येक भाजणीनंतर ते आधीसारखंच निघतं. भट्टी जरा चढली तरी 1064 पर्यंत भीती नाही. रंगांचा क्रमही त्यांचा ठरलेला: ज्याला जास्त आच सोसते तो आधी, पांढरा सुरुवातीला, लाल शेवटी.

मी म्हटलं, उस्ताद, चोख सोन्याचं खोड मोत्यांच्या सरात महिनाभर वापरलं की चेपेल. त्यांच्या कामात मागे लाखेचा भराव असतो, तो पत्र्याला आधार देतो. माझं खोड एकाच पत्र्याचं. मिना काच आहे, खालचा पत्रा वाकला तर ती जाणारच.

दुसऱ्या टोकाला रशिया. तिथल्या फाबर्जे या जवाहिऱ्याच्या कारखान्यात पारदर्शक मिन्याचं जे नितळ काम झालं, ते सोन्यावर असेल तेव्हा बहुतेक 56 किंवा 72 झोलोत्निकच्या सोन्यावर. झोलोत्निक हे तिथलं कसाचं जुनं माप. 96 म्हणजे शुद्ध, तेव्हा 56 म्हणजे आपलं 14 कॅरेट आणि 72 म्हणजे 18. त्यामुळे "कमी कॅरेटवर मिना बसत नाही" हे कुणी सांगितलं तर मानायचं नाही. बसतो. फक्त त्यासाठी हीण निवडून घ्यावं लागतं आणि पृष्ठभागावर जास्तीची मेहनत करावी लागते.

29 जानेवारी

ती मेहनत ख वर करून बघितली. पट्टी मंद लाल होईपर्यंत तापवायची, वरच्या तांब्याचा ऑक्साइड होतो. मग कोमट सल्फ्युरिकच्या पाण्यात सोडायची, ऑक्साइड विरघळून जातो, सोनं राहतं. पुन्हा तापवायची, पुन्हा सोडायची. दर वेळी काळेपणा कमी होत जातो आणि शेवटी पट्टी तापवूनही पिवळीच राहते. आता वरच्या कातडीत तांबं जवळपास नाही. आत अठरा, वर जवळजवळ चोख. सोड्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, मिना भरला आणि भाजला.

पांढऱ्याची हिरवट रेघ गेली. लाल तर क पेक्षाही चांगला दिसतोय, हे कदाचित माझं कौतुक असेल.

2 फेब्रुवारी

पण हिरव्याचं काय? यात मी दोन दिवस अडकून आहे, म्हणून सविस्तर.

पारदर्शक मिन्याचं सगळं सौंदर्य तळात असतं. कलमाने मारलेली प्रत्येक रेघ आरशासारखी कापलेली हवी. प्रकाश काचेतून खाली जातो, त्या चकाकत्या कापावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणून शेवटची कलम मिना भरायच्या अगदी आधी मारतात, तिच्यावर हातही लागू देत नाहीत. आता ख बघा. आधी कोरलं आणि मग ताव-आम्लाच्या फेऱ्या दिल्या, तर कातडी चोख होते पण कापाची चमक मरते, पृष्ठभाग मॅट होतो. आधी फेऱ्या देऊन मग कोरलं, तर कलम चोख कातडी फाडून आतल्या अठरापर्यंत जाते आणि तांबं पुन्हा उघडं पडतं. मधली वाट म्हणजे फेऱ्या देऊन मॅट तळ अकिकाने घोटायचा. सपाट जागेत ते जमतं, बारीक रेघांच्या खोबणीत अकीक पोचत नाही. करून बघितलं. तळ उजळतो, रेघा बोथट दिसतात.

क ला यातलं काहीच लागत नाही. कोरा, धुवा, भरा, भाजा. तांबं पावणेतीन टक्के, त्याचा ऑक्साइड इतका कमी की पहिल्या भाजणीत काचेने तो गिळला तरी हिरव्यात दिसत नाही.

तेव्हा निर्णय असा पडतो: पारदर्शक रंग आणि चकाकता काप हवा असेल तर 22, चांदी जास्त. अपारदर्शक रंग असतील तर 18 चालेल, घरी ओतलेलं, जस्त नसलेलं, कातडी चोख करून घेतलेलं. पांढऱ्या-लालखाली तळ मॅट आहे की चकाकता, कुणाला दिसणार?

5 फेब्रुवारी

रंगाच्या बाजूनेही हेच निघालं. हिरवा पिवळ्या तळावर खुलतो, उन्हातल्या पोपटासारखा होतो. पारदर्शक लालही सोन्यावरच खरा. सोन्याच्या सूक्ष्म कणांनी रंगवलेला गुलाबी किंवा लाल मिना थेट चांदीवर दिला की पिवळट-तपकिरी होतो, तिथे आधी बिनरंगी मिन्याचा थर लागतो. निळ्याचं उलट. पिवळ्या सोन्यावर पारदर्शक निळा हिरवट आणि जड दिसतो. काकूंनी निळा मागितला नाही हे नशीब.

मात्र याच कारणाने चांदी कितीही वाढवता येत नाही. फक्त सोनं आणि चांदी घेऊन, तांबं शून्य ठेवून अठरा केलं तर ते 1025 च्या वर वितळतं, भट्टीत निर्धास्त. दिसायला मात्र हिरवट-फिकट, आणि 25 टक्के चांदी काचेला पिवळी झाक देऊ शकते. शिवाय मऊ. कागदावर मोह पडला होता, खरं सांगायचं तर.

9 फेब्रुवारी

काकू आल्या. पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या, भिंग दिलं. खोडासाठी 22, कुड्यांसाठी 18, असं सांगितलं. त्यांनी च उचलली. "ही तर बावीससारखीच दिसते आणि सोनं कमी. वीसमध्ये का नाही?"

प्रश्न रास्त आहे. 20 कॅरेट, 833, हॉलमार्कच्या अधिकृत श्रेणींमध्ये आहे, आणि मिन्यासाठी मला तो मनापासून आवडला. 22 पेक्षा टणक, 18 पेक्षा भट्टीत सुरक्षित. अडचण बाजारात आहे. उद्या मोडीला नेलं तर पेढीवर 22 आणि 18 चे भाव पाटीवर लिहिलेले असतात, 20 चा नसतो. समोरचा हिशोब करेल, पण घासाघीस करून. घरातलं सोनं कधीतरी मोडावं लागतं हे धरूनच आपल्याकडे दागिना होतो. मी तसं स्पष्ट सांगितलं. काकू म्हणाल्या, "मोडणार कोण आहे? सुनेला द्यायचंय." मग थोडं थांबून, "पण तिला लागलं तर?"

22 आणि 18 वर शिक्कामोर्तब.

12 फेब्रुवारी

खोडाचा पत्रा: 22, जाडी 1.2, उंची 30 मिमी. कडीसाठी डाख द्यायचा नाही. ख ची पट्टी 895 ला वितळायला लागते, म्हणजे 995 अंशांना मऊ पडणाऱ्या क साठी ती आयता उत्तम डाख आहे, जस्ताशिवाय, कॅडमियमशिवाय, आणि मिन्याच्या भट्टीला पुरून उरेल अशी. तांत्रिकदृष्ट्या बिनतोड. पण अठराचा डाख बावीसच्या दागिन्याचा कस खाली ओढतो. म्हणून कडीची पट्टी पत्र्यातूनच सलग कापली आणि मागे वळवली. सरांसाठीच्या कड्याही तशाच. जोड एकही नाही.

मागे एक छोटी चौकट मिन्याविना मोकळी ठेवली: हॉलमार्कची खूण तिथे, आणि क्ष-किरणांनी कस मोजणाऱ्या एक्सआरएफ मशीनला काच न लागता सोनं मोजता यावं म्हणूनही.

18 फेब्रुवारी

खोदकाम चालू. कोरताना निघालेले कण सगळे डबीत. घरं 0.4 खोल आहेत, तेवढ्यातच दोन ग्रॅमच्या आसपास सोनं निघालं. घडणावळ सांगताना हे गिऱ्हाइकाला दाखवायला हवं: मिना म्हणजे सोनं वाचवणं असा समज असतो, प्रत्यक्षात आधी जाड पत्रा घ्यावा लागतो.

23 फेब्रुवारी

कुड्या. 18, ख चं मिश्रण, ताव-आम्लाच्या फेऱ्या देऊन. फिरकीची दांडी आत्ता लावायची नाही. भट्टीत दांडी पूर्ण मऊ पडेल आणि कानात घालताना वाकेल. ओढून कडक केलेली तार मिना झाल्यावर लेझरने जोडायची. लेझरचा ताव जोडापुरताच राहतो, मिन्यापर्यंत जात नाही. जोडाच्या जागेभोवती मागचा मिना सोडला आहे.

2 मार्च

खोडाची भाजणी, पांढरा आणि मागचा मिना एकत्र, 815. पत्रा सरळ. पातळ थर, वरून पुन्हा भर. एकदम जाड भरला की मधे हवा अडकते.

3 मार्च

हिरवा, 800. भट्टीचं दार उघडलं तेव्हा हिरवा काळाच दिसतो, गार होताना रंग वर येतो. बाबा दर वेळी बघायला उठतात.

4 मार्च

लाल, 770, तेही थोड्याच वेळासाठी. कुड्यांचा लालही याच भट्टीत. एका कुडीच्या कडेला घर अर्धवट भरलेलं दिसलं, पुन्हा भरून भाजली.

7 मार्च

कुरुंदाच्या कांडीने पाण्याखाली घासून मिना आणि सोनं एका पातळीत आणलं. मग काचेच्या ब्रशने धुऊन शेवटची झळ, म्हणजे घासलेली काच पुन्हा तकाकते. 22 चा पत्रा घासताना कांडी सोन्यात रुतते, हात हलका ठेवावा लागला. 18 ला तो त्रास नाही.

9 मार्च

दांड्या लेझरने बसल्या. हॉलमार्किंगहून खोड आणि कुड्या परत आल्या: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. खोडावर 916, कुड्यांवर 750. भिंगातून वाचता येतात, काकूंना दाखवायचे.

बिलात मिन्याचं वजन वेगळं. खोडावरचा पुढचा-मागचा मिना मिळून एक ग्रॅमच्या आत भरतो, पण तो सोन्याच्या भावात लावला तर ती लूट होईल. म्हणून मिना भरण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, आणि दोन्हींमधल्या फरकाचं गणित कागदावर लिहून दिलं. निव्वळ सोन्याचं वजन आणि शुद्धता बिलावर लिहावीच लागते.

11 मार्च

उरलेलं आवरलं. क ची काप आणि कोरणीचे कण एका डबीत, ख ची दुसऱ्या, च ची तिसऱ्या. ग आणि घ परत गलाईला, त्यांतलं जस्त आणि तांबं बाकीच्यांत मिसळायला नको. घरी ओतलेलं हीण मात्र आता तयार ठेवणार: 22 साठी चांदी-तांबं दोनास एक, 18 साठी सोळास नऊ, आधीच एकजीव करून दाणे पाडलेले.

काकूंच्या जावेने निळं मागितलंय. पारदर्शक निळा, आणि सोन्यातच हवा. च वर, म्हणजे 20 च्या फिकट तळावर, खाली बिनरंगी मिन्याचा थर देऊन बघायचा, आणि त्याच पट्टीच्या अर्ध्या भागात तळाला चांदीचा वर्ख.